नेत्याने आपला देव कुठे ठेवावा?

कंदील

मागे इथल्याच चर्चेच्या एका धाग्यावर "नेता आध्यात्मिक असावा का?" यावरून जुंपली होती. एक गट म्हणत होता, श्रद्धा घरात ठेवा आणि बाहेर फक्त कायदा बोला. दुसऱ्याचं म्हणणं, अध्यात्म नसलेला नेता म्हणजे नुसता कारकून. शेवटी धाग्याला कुलूप लागलं. दोन्ही गटांनी समाज एकजिनसी धरला होता, हे मला तेव्हा खटकलं होतं. जिथे चार धर्म, दहा भाषा आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याने केलेल्या जखमांची यादी आहे, तिथे नेत्याच्या श्रद्धेचं काय करायचं? तेवढ्यासाठी हा वेगळा धागा.

सुरुवात अशोकाच्या बाराव्या शिलालेखापासून करते. या विषयावर इतका जुना आणि इतका कामाचा मजकूर माझ्या पाहण्यात दुसरा नाही. राजा स्वतः बौद्ध उपासक आहे आणि राज्यातल्या सगळ्या पंथांशी बोलतो आहे. सगळे पंथ शेवटी एकच सांगतात, असं तो म्हणत नाही. प्रत्येक पंथातलं सार वाढावं असं त्याला वाटतं आणि त्याचं मूळ तो जिभेवरच्या ताब्यात पाहतो. कारण नसताना आपल्या पंथाची थोरवी गाऊ नये, दुसऱ्याला नावं ठेवू नयेत, आणि कारण असलं तरी बेताने बोलावं. भक्तीच्या भरात जो आपल्या पंथाचा डंका पिटतो, तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. सगळ्यांनी एकमेकांचं ऐकावं, बहुश्रुत व्हावं. राजाला दान आणि मानपानापेक्षा हे मोलाचं वाटतं.

यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो संयम बोलणाऱ्याकडून मागतो. एरवी सगळीकडे उलटं चालतं. बोलणारा वाट्टेल ते बोलतो आणि सहिष्णू होण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते.

दुसरं उदाहरण एप्रिल १९४७ चं, दिल्लीतल्या वाल्मीकी वस्तीत होणाऱ्या गांधींच्या प्रार्थनासभेचं. कुराणातल्या आयती सुरू झाल्या की श्रोत्यांतून कोणीतरी उठून हरकत घ्यायचं. बाकीची गर्दी त्या माणसाला बाहेर काढायला तयार असे. गांधींनी तसं करू दिलं नाही. त्यांनी प्रार्थनाच थांबवली, आणि पुढचे काही दिवस होऊ दिली नाही. आयती मात्र गाळल्या नाहीत. प्रार्थना होईल तर पूर्ण होईल, आणि एकाचाही विरोध असेल तर होणार नाही. बहुमत हाताशी असताना ते वापरायचं नाही, आणि विरोध झाला म्हणून जागाही सोडायची नाही. हे दोन्ही एकाच वेळी करणं भयंकर अवघड आहे.

माझा मुद्दा असा की मिश्र समाजातल्या नेत्याचं अध्यात्म त्याच्या पूजेअर्चेत शोधू नये. आपल्याच माणसांना न रुचणारी गोष्ट सांगायची वेळ आली की तो काय करतो, तिथे शोधावं. परक्यांशी गोड बोलणं फार सोपं असतं, त्यात मतं जात नाहीत.

उदाहरणं द्या, फसलेली असली तर जास्त बरं. चालू निवडणुका आणि पक्ष आणू नका, नाहीतर संपादक पुन्हा कुलूप घेऊन येतील.

वाचनमात्र

धागा आवडला. (नाव बदलायची वेळ आली बहुतेक, आज चक्क लिहितोय.)

एक शंका. नेता श्रद्धाळू नसेलच तर? न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न. मॉर्मन घरात वाढल्या, पुढे तो पंथ सोडला, आणि स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतात. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. आर्डर्न डोक्यावर रुमाल घेऊन त्या कुटुंबांना भेटल्या. संसदेत बोलताना सुरुवात 'अस्सलाम आलेकुम' अशी केली, हल्लेखोराचं नाव आपण घेणार नाही असं सांगितलं. २२ मार्चला अजान देशभर टीव्ही-रेडिओवरून ऐकवली गेली. आणि महिना व्हायच्या आत लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला.

याला अध्यात्म म्हणायचं की चांगला स्वभाव?

तिरकस_रेघ

कंदील, लेख नेहमीसारखा छान, आणि नेहमीसारखाच मी असहमत.

आधी अशोक. बारावा लेख वाचलात, आता तेरावा वाचा. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हाकलून नेली, त्याचा पश्चात्ताप त्यात आहे, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. त्याच लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांना दिलेली तंबी शाळेत शिकवत नाहीत. राजाला पश्चात्ताप झाला आहे, पण त्याच्या अंगात ताकद अजून आहे, तेव्हा नीट वागा, नाहीतर मारले जाल, अशा अर्थाची. दुसरी गंमत. खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड इथे, अकरा, बारा आणि तेरा हे लेख कोरलेलेच नाहीत. त्यांच्या जागी दुसरे दोन लेख आहेत, स्थानिक अधिकाऱ्यांना सूचना देणारे. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना सोडून बाकी सगळ्यांना पश्चात्ताप ऐकवलेला आहे!

दुसरं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकर बोलले ते या धाग्याच्या कपाळावर लावायला हवं. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला होता. आध्यात्मिक नेता म्हटला की भक्त आलेच. त्याला ते नको असले तरी येतात. नेत्याशी मतभेद म्हणजे मग मतभेद राहत नाही, ते पाप होतं.

फसलेलं उदाहरण हवं होतं ना? सिलोनचे (आजची श्रीलंका) पंतप्रधान बंडारनायके. ऑक्सफर्डला शिकलेले, अँग्लिकन घरात जन्मलेले, नंतर बौद्ध झाले. १९५६ साली, बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाच्या उत्साहात, भिक्खूंच्या संघटनेचा पाठिंबा घेऊन निवडणूक जिंकले. लगेच सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा. १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तडजोडीचा करार केला, कारण माणूस मूर्ख नव्हता, आग लागलेली दिसत होती. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू त्यांच्या घरासमोर ठाण मांडून बसले आणि करार मोडीत निघाला. पुढच्याच महिन्यात दंगली. सप्टेंबर १९५९ मध्ये एका भिक्खूने त्यांना गोळ्या घातल्या. कटाबद्दल ज्या मठाधिपतीला शिक्षा झाली, तो १९५६ च्या प्रचारात त्यांच्याच बाजूने राबला होता.

धर्माच्या खांद्यावर बसून आलेल्या नेत्याला उतरायची मुभा नसते. म्हणून म्हणतो, देव घरी.

सावळा_गोंधळ

आमच्या साहेबांनीही 'सजग नेतृत्व' नावाची दोन दिवसांची कार्यशाळा केली. परत आल्यापासून ओरडण्याआधी दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे आता आम्हाला आधीच कळतं.

बाकी तिरकसराव, कलिंगातले लेख गाळलेत हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

कंदील

@सावळा :D

@तिरकस, तंबी आहेच, मी अशोकाला संत म्हटलेलं नाही. राजा आहे तो. पण हातात सैन्य असलेल्या राजाने "आपल्याच पंथाची बढाई मारू नका" हे दगडावर कोरून ठेवणं मला त्या तंबीसकट महत्त्वाचं वाटतं. आणि कलिंगात तो मजकूर गाळण्याचा तुम्ही लावलेला अर्थ हा एक अर्थ झाला. नुकत्याच हरलेल्या लोकांच्या दारात त्यांच्या मृतांचे आकडे विजेत्याने कोरून लावणं जास्त क्रूर झालं असतं, असंही म्हणता येईल.

बंडारनायके मात्र माझ्याच बाजूचं उदाहरण आहे! स्वतःच्या लोकांना नाही म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांनी करार सोडला. माझी कसोटी तिथेच लागते.

तिरकस_रेघ

कसोटी लागली, माणूस नापास झाला, आणि किंमत दिली तमिळांनी. असल्या कसोटीचा समाजाला उपयोग काय? पूल पडल्यावर अभियंता कच्चा होता हे कळलं, तसं झालं हे.

पाणचक्की

दोघांच्या मधे पडतो.

अकबराने १५६३ मध्ये यात्रेकरूंवरचा कर उठवला, १५६४ मध्ये जिझिया. १५७५ पासून फत्तेपूर सिक्रीच्या इबादतखान्यात (प्रार्थनागृहात) धर्मावरचे वाद झडू लागले, आधी मुसलमान पंडितांचे आपसात, मग हिंदू, जैन, पारशी, १५८० पासून जेझुइट पाद्रीसुद्धा. सगळ्यांशी शांतता हे राज्याचं धोरण झालं. विचार करा, त्याच काळात युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना जाळत होते. पण १६७९ मध्ये त्याच घराण्यातल्या औरंगजेबाने जिझिया परत लावला. एका बादशहाची सही दुसऱ्याच्या सहीने पुसली गेली. अकबराचं अध्यात्म खरं होतं की नाही यावर इतिहासकार भांडोत, पण ते त्याच्या डोक्यात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं.

म्हणून मला नेत्याच्या मनापेक्षा त्याने मागे काय ठेवलं यात रस आहे. आता तिरकसराव टाळ्या वाजवतील, तर थांबा. नुसत्या व्यवस्थेचं उदाहरण लेबनॉन. १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचे सभापती शिया. जागांची वाटणी १९३२ च्या जनगणनेवर बेतलेली, सहा ख्रिस्ती तर पाच मुस्लिम. त्यानंतर अधिकृत जनगणनाच झाली नाही, कारण खरे आकडे कोणालाच परवडणारे नव्हते. १९७५ ते १९९० यादवी. १९८९ च्या ताइफ करारात वाटणी निम्मी-निम्मी झाली, चौकट तीच. तिथे देव घरी ठेवलेला नाही, देवाला कोट्यातून जागा दिलेली आहे. प्रत्येक नेता आपल्या गटाचाच, दुसऱ्या गटाचं भलं करून त्याला काहीच मिळत नाही. नियम आहेत, पण नियम राबवणाऱ्याला दुसऱ्याची फिकीर असावी यासाठी त्या नियमांत काहीच नाही.

जुनाट

मी इथला म्हातारा, सावकाश लिहितो.

तुमच्या चर्चेत एक गृहीतक घुसलं आहे. आध्यात्मिक नेता म्हणजे सगळ्या धर्मांतलं थोडं थोडं घेऊन गुळगुळीत झालेला माणूस, असं काहीसं. माझा अनुभव आणि वाचन याच्या उलट आहे. खान अब्दुल गफार खान यांचं पाहा. पाच वेळा नमाज पढणारा, अस्सल पठाण. १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार हे स्वयंसेवकांचं दल उभं केलं, ते अहिंसेची शपथ देवाच्या नावाने घेत. ती अहिंसा त्यांनी इस्लाममधल्या सब्रमधून (धीर, संयम), पैगंबरांच्या मक्केतल्या दिवसांमधून मांडली. उसनी आणलेली वस्तू म्हणून मांडली असती तर सरहद्दीवरच्या बंदूकवाल्या कबिल्यांमध्ये कोणी ऐकून घेतलं नसतं. आणि त्यांच्या संघटनेचं दार हिंदू-शिखांनाही उघडं होतं.

२३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने गोळीबाराचा हुकूम मानला नाही. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांचे साथीदार, हिंदू शिपाई, समोर मुसलमान पठाण. लष्करी न्यायालयाने त्यांना कडक शिक्षा दिल्या. त्या दिवशी दोन्ही बाजूंना आपापल्या श्रद्धेत घट्ट उभी असलेली माणसं होती. कोणीही 'सर्व धर्म समान' यावर भाषण दिलं नव्हतं.

आपल्या मुळांशी प्रामाणिक असलेला माणूस दुसऱ्याच्या मुळांवर पाय देत नाही, असं मला वाटत आलं आहे. सर्वांना चालेल असं गोडगोड बोलणाऱ्याचा मला जास्त धाक वाटतो.

पाणचक्की

जुनाटकाका, मग संयुक्त राष्ट्रांच्या ध्यानकक्षाबद्दल तुमचं काय मत? न्यूयॉर्कच्या मुख्यालयात आहे. सरचिटणीस दाग हामरशोल्ड यांनी १९५७ मध्ये जातीने लक्ष घालून तो नव्याने करून घेतला. कोणत्याही धर्माचं चिन्ह नाही. मधोमध लोहखनिजाचा साडेसहा टनांचा चौकोनी खडक, वरून एक प्रकाशझोत, समोर एक अमूर्त भित्तिचित्र. कोणीही यावं, गप्प बसावं. हामरशोल्ड स्वतः गाढ ख्रिस्ती श्रद्धेचे, पण ते बहुतेकांना कळलं ते १९६१ च्या विमान अपघातात ते गेल्यावर, त्यांची खासगी टिपणं सापडली तेव्हा.

म्हणजे गांधींनी खोलीत सगळ्यांना बोलावलं, आणि यांनी खोली रिकामी केली.

तिरकस_रेघ

खडकाचं मला पटलं. तो कोणालाच मत मागत नाही.

जुनाट

@पाणचक्की, ज्यांचा एकमेकांशी रोजचा संबंध नाही अशा राजदूतांना रिकामी खोली पुरते. शेजारी राहणाऱ्यांना नाही पुरत. त्यांना एकमेकांचा देव दिसत असतो, ऐकू येत असतो, त्याचा त्रासही होत असतो. तो दिसत नाही असं नाटक किती दिवस करणार?

हामरशोल्ड यांनी आपली श्रद्धा झाकून ठेवली आणि काम उघड केलं, याबद्दल मात्र मला आदर आहे.

अर्धविराम

उशिरा येते आहे, पण दक्षिण आफ्रिकेचा विषय अजून कसा निघाला नाही याचं नवल वाटतं. आणि निघाला की सगळे गहिवरतात, म्हणून जरा वेगळ्या बाजूने मांडते.

वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांसाठी १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला. मंडेलांनी अध्यक्ष म्हणून आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना निवडलं. पहिली सुनावणी एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात झाली. टुटू जांभळ्या झग्यात, मेणबत्ती लावून, प्रार्थनेने सुरुवात. ज्या देशात ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू, ज्यू, आफ्रिकी परंपरा पाळणारे आणि काहीच न पाळणारे, सगळे आहेत, तिथल्या सरकारी आयोगाचं कामकाज प्रार्थनेने का सुरू व्हावं, अशी कुरबूर आयोगातच होती. जोहान्सबर्गच्या सुनावणीआधी ठरलं की इथे प्रार्थना नको, अर्धा मिनिट शांतता पाळू. टुटूंनी शांतता पाळली, पण पुढे त्यांना कामच सुरू करता येईना. शेवटी "हे असं चालणार नाही" म्हणत त्यांनी प्रार्थना केलीच!

मला हा प्रसंग लबाड वाटत नाही, पण सरळही वाटत नाही. तो माणूस त्या प्रार्थनेतूनच एवढं दुःख ऐकायची ताकद आणत होता. ती काढून घेतली असती तर आयोगाला टुटू मिळाले नसते, त्यांच्या जागी दुसराच कोणी निवृत्त न्यायाधीश मिळाला असता.

आता यातला जो भाग मला टोचतो तो. गुन्हेगाराने क्षमा मागावी अशी अटच कायद्यात नव्हती. माफी हवी असेल तर राजकीय हेतू दाखवा आणि संपूर्ण सत्य सांगा, एवढंच. पश्चात्तापाची अट नव्हती. म्हणजे कायदा थंड होता. क्षमेचं वातावरण आलं ते टुटूंच्या व्यक्तिमत्त्वातून आणि धर्मातून. परिणाम काय? गुन्हेगाराला पश्चात्ताप सक्तीचा नाही, आणि साक्ष द्यायला आलेल्या आईवर मात्र अख्ख्या सभागृहाची अपेक्षा, की आता ही क्षमा करेल. कायद्याने नाही, पण त्या मेणबत्तीने दबाव आणला.

सगळ्यांनी तो मानला नाही. पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको, त्यांच्या कुटुंबाने आणि इतर काहींनी माफीच्या तरतुदीलाच घटना न्यायालयात आव्हान दिलं. आम्हाला न्याय हवा, असं त्यांचं म्हणणं. १९९६ मध्ये ते खटला हरले. पुढे बिकोंच्या प्रकरणातल्या पोलिसांना आयोगाच्या समितीने माफी नाकारली, कारण सत्य सांगितलं नाही. एकूण ७,११२ अर्ज आले होते, ८४९ जणांना माफी मिळाली. म्हणजे सरसकट माफी वाटली हा समजही खरा नाही. बळींना भरपाई मिळायला २००३ उजाडलं, तीही प्रत्येकी ३०,००० रँड, आयोगाने सुचवल्यापेक्षा खूपच कमी.

कंदील, तुझी कसोटी इथे लाव. टुटूंनी आपल्या माणसांनाही सुनावलं. मुक्तिलढ्यातल्या संघटनेने केलेले अत्याचारही अहवालात आले, १९९८ मध्ये त्या सत्ताधारी पक्षाने अहवाल रोखायला न्यायालय गाठलं, आणि टुटू मागे हटले नाहीत. तुझ्या कसोटीवर पैकीच्या पैकी. तरीही मला विचारावंसं वाटतं, की नेत्याचं अध्यात्म दुःख भोगलेल्यांकडून किती मागू शकतं?

कंदील

अर्धविराम, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

नेत्याने स्वतःच्या वतीने क्षमा करावी, दुसऱ्याच्या वतीने कधीही नाही. मंडेलांनी आपल्या २७ वर्षांबद्दल जे केलं तो त्यांचा हक्क होता. बिकोंच्या बायकोमुलांच्या वाट्याचं दुःख त्यांचं आहे, त्यावर आर्चबिशपचा अधिकार चालत नाही. टुटूंना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण सभागृहात मेणबत्ती लावणाऱ्याने तिची धग कुठवर जाते हे पाहायला हवं होतं.

वाचनमात्र

हे वाचून लायबेरिया आठवलं. तिथे पुढाकार घेणाऱ्यांत पदावरचा कोणी नेताच नव्हता.

२००३, देशात यादवी. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर ख्रिस्ती, चर्चमध्ये जाणारे. त्यांच्याविरुद्धच्या मुख्य बंडखोर गटात मुस्लिमांचा भरणा. लेमा बोवी या लुथरन चर्चच्या कार्यकर्तीने ख्रिस्ती बायकांना एकत्र आणलं, आसातू बाह केनेथ या पोलीस अधिकारी बाईंनी मुस्लिम बायकांना. पहिल्यांदा दोन्हींकडे कुरकुर झाली, त्यांच्याबरोबर प्रार्थना केली तर आपली श्रद्धा बाटेल म्हणून. मग पांढरे कपडे घालून त्या रोज रस्त्यालगतच्या मैदानात बसू लागल्या, उन्हात, पावसात. डाव अगदी व्यवहारी होता. ख्रिस्ती बायकांनी बिशपांना गाठायचं, त्यांनी टेलरना. मुस्लिम बायकांनी इमामांना गाठायचं, त्यांनी बंडखोरांना. प्रत्येकीने आपल्याच धर्माच्या पुरुषांवर दबाव आणायचा.

घानात आक्रा इथे बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाच्या दारात बसकण मारली आणि करार होईपर्यंत कोणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. अटक करायला आले तर बोवींनी भर कॉरिडॉरमध्ये कपडे उतरवायची धमकी दिली. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. २०११ चं शांततेचं नोबेल ज्या तिघींना मिळालं त्यांत बोवी होत्या.

कंदील, 'आपल्याच माणसांना सुनावणं' ही तुमची कसोटी त्या बायकांनी चक्क रणनीती म्हणून वापरली.

अर्धविराम

वाचनमात्र, याच जातीचं आणखी एक. नायजेरियातल्या कदुनाचे इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये. दोघेही तरुणपणी परस्परविरोधी सशस्त्र टोळ्यांत. १९९२ च्या दंगलीत वुयेंचा हात गेला, अशाफांचे गुरू आणि दोन भाऊबंद मारले गेले. आधी दोघांच्याही मनात सूडच होता. १९९५ मध्ये त्यांनी मिळून मध्यस्थीचं काम सुरू केलं. दोघेही आपापला धर्मच खरा मानतात आणि तसं उघड सांगतात. जुनाटकाकांना आवडतील.

जुनाट

आवडले. आधी ठाऊक नव्हते, शोधून वाचतो.

तिरकस_रेघ

सगळे भारावलेले दिसता, म्हणून मी माझं काम करतो.

म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची. पंधरा वर्षांच्या आसपास नजरकैद, त्यात रोजचं विपश्यना ध्यान, मैत्री आणि करुणा यांवर सुंदर लेखन. आतली शिस्त म्हणाल तर यांच्याहून जास्त कोणाकडे शोधणार? २०१७ मध्ये रोहिंग्यांची गावं जळली, सात लाखांवर लोक बांगलादेशात पळाले. डिसेंबर २०१९ मध्ये त्या स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या, लष्कराच्या बचावासाठी. ज्या लष्कराने त्यांना कोंडलं होतं त्याच! आणि त्याच लष्कराने २०२१ मध्ये त्यांना परत कोंडलं.

तिथल्या भिक्खूंचंही तेच. २००७ मध्ये हजारो भिक्खू लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरले, मैत्रीसूत्र म्हणत चालले. पाच-सहा वर्षांत त्याच संघातले काही जण मुस्लिमांवर बहिष्कार टाकायचे स्टिकर वाटत होते.

आता सांगा, ध्यानाचा आणि दुसऱ्याच्या दुःखाचा संबंध काय? माणूस आत शांत झाला की बाहेर न्यायी होतो, हे कोणी सिद्ध केलं?

कंदील

कोणीच नाही, आणि मी तसं म्हटलेलंही नाही. ध्यान, उपास, प्रार्थना यांतून माणसाला त्रास सोसायची ताकद मिळते. ती कशासाठी वापरायची हे त्यातून ठरत नाही. सू ची लष्करासमोर ताठ उभ्या राहिल्या, कारण तेव्हा स्वतःच्या जिवाची जोखीम होती. बहुसंख्य बर्मी बौद्धांसमोर उभं राहायचं तर लोकांचं प्रेम जाणार होतं. कित्येक धाडसी माणसं जीव द्यायला तयार असतात, पण आपल्याच लोकांची नावड सोसत नाहीत. गांधींनी जानेवारी १९४८ चं उपोषण दिल्लीत केलं तेव्हा बाहेर "मरू द्या" अशा घोषणा देणारे त्यांचेच लोक होते.

@वाचनमात्र, तुमचा पहिला प्रश्न राहिलाच होता. आर्डर्न यांना लावायला माझ्याकडे वेगळी पट्टी नाही. रुमालावर टीका झाली, अगदी स्त्रीवादी मुस्लिमांकडूनही झाली. मला त्या रुमालापेक्षा बंदुकांचा कायदा जास्त बोलका वाटतो, कारण तो बहुसंख्य समाजातल्या शिकारी, शेतकरी मतदारांना टोचणारा होता. देव मानतात की नाही हा त्यांचा खासगी प्रश्न आहे.

सावळा_गोंधळ

म्हणजे शेवटी देव ऐच्छिक विषय ठरला तर!

जुनाट

सावळ्या, ऐच्छिक असला तरी कोणाला तो घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. टुटूंचं वाचलंस ना वर?

पाणचक्की

माझा मुद्दा अजून हवेतच आहे. यातलं मागे काय उरतं? एक उदाहरण सापडलं. २०११ मध्ये चौदाव्या दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार तिबेटींच्या निर्वाचित नेतृत्वाकडे सोपवले. पाचव्या दलाई लामांपासून, म्हणजे १६४२ पासून, धर्म आणि राज्य एकाच आसनावर होतं. लोक 'नको' म्हणून विनवत होते, निर्वासितांची संसद फेरविचार करा म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. ज्याला लोक अवतार मानतात त्याने लोकांच्या इच्छेविरुद्ध लोकशाही आणली, असा तो उफराटा प्रकार.

तिरकसराव, भक्तीतून हुकूमशाही येते म्हणालात. इथे भक्ती होती, म्हणूनच त्यांचा "मला आता राजकीय नेता मानू नका" हा हुकूम लोकांनी पाळला.

तिरकस_रेघ

पाणचक्की, चांगलं सापडलंय, मान्य. पण नीट वाचा काय लिहिलंत ते. लोकांना नको होतं आणि एकट्याने ठरवलं. उद्या त्याच भक्तीच्या जोरावर त्याच आसनावरून उलटा हुकूम निघाला असता, तर तोही पाळला गेला असता. माणूस चांगला निघाला हे तिबेटींचं नशीब. मला नशिबावर चालणारं राज्य नको.

पाणचक्की

उलटा हुकूम आता निघू शकत नाही. त्यासाठीच तर निर्वासित तिबेटींची सनद बदलली.

तिरकस_रेघ

सनद बदलून घेणारेही तेच होते ना? बरं, आंबेडकरांच्या त्याच भाषणातला आणखी एक मुद्दा आहे: राजकीय समता आली, पण सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली तर ही लोकशाही उडवली जाईल. त्यावर वेगळा धागा काढतोय. पाणचक्की, लेबनॉन घेऊन तिकडे या. कंदील, तुम्ही अशोक इथेच ठेवा.

कंदील

अशोक माझ्याबरोबर येणार. तंबीसकट.